बंदुकीचा परवाना, पोलिसांची गोळी आणि आपला हक्क: कायदा नेमका काय सांगतो?

शहरात कुठे तणाव झाला की मोहल्ल्यात दोन प्रश्न हमखास निघतात. एक, "आपल्याला स्वतःच्या हिफाजतीसाठी बंदूक ठेवता येते का?" आणि दुसरा, "पोलिसांना अशी गोळी चालवता येते का?" पहिल्या प्रश्नावर चहाच्या टपरीवर भरपूर चर्चा होते, दुसऱ्यावर लोक दबक्या आवाजात बोलतात. दोन्हींची उत्तरं कायद्यात लिहिलेली आहेत, पण ती घराघरांत पोहोचलेली नाहीत. म्हणून हा लेख आम्ही माहितीसाठी देत आहोत. जपून ठेवावा आणि घरातल्या तरुण मुलांनाही वाचायला द्यावा.

बंदूक बाळगणे हा हक्क आहे का?

थेट उत्तर: नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत तो नाही. उलट, कलम १९ आपल्याला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते तेच "शांततेने आणि शस्त्राविना" या अटीवर. शीख बांधवांच्या कृपाणाचा उल्लेख कलम २५ मध्ये आहे, पण तो त्यांच्या धर्मपालनाचा भाग म्हणून.

यामागे इतिहास आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. हिंदुस्थानी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, असा तो भेदभावाचा कायदा होता. त्याचा राग म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ती नामंजूर झाली. देश नुकताच फाळणीच्या रक्तपातातून बाहेर पडला होता. प्रत्येकाच्या हाती बंदूक गेली तर सगळ्यात आधी कमजोर माणूस मरतो, हे समजायला त्या काळी फार लांब जायची गरज नव्हती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातील बेकायदा बंदुकांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही हीच गोष्ट सांगितली: आपल्या घटनाकारांनी असा हक्क कुणालाच दिलेला नाही.

परवान्याचे नियम

आज लागू आहे तो शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्तांकडे करायचा असतो. अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. वय २१ वर्षे पूर्ण हवे. खेळाच्या नेमबाजीच्या सरावाला वेगळे नियम आहेत.

दोन गोष्टी आपल्या लोकांना सहसा माहीत नसतात. पहिली, केवळ जमीनजुमला किंवा मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दुसरी, परवाना नाकारला तर त्याची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवायची असतात आणि मागितल्यावर अर्जदाराला थोडक्यात द्यायची असतात. सार्वजनिक हिताचे कारण असेल तरच ती रोखता येतात. या नकाराविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. "साहेबांनी नाही म्हटलं" हे ऐकून परत फिरू नका, लेखी उत्तर मागा.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. प्रतिबंधित प्रकारचे हत्यार सापडले तर शिक्षा ७ ते १४ वर्षांपर्यंत जाते. आणि वरातीवाल्यांनी नीट ऐकावे: लग्नात, मिरवणुकीत किंवा इतर समारंभात हौस म्हणून बेदरकारपणे हवेत गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागली नाही, तरी इतरांचा जीव धोक्यात घातला एवढे पुरे आहे.

तलवार, सुरी आणि मोबाईलमधला फोटो

आपल्याकडच्या तरुणांवर बंदुकीपेक्षा तलवार आणि चाकूचे गुन्हे जास्त सहज दाखल होतात. शस्त्र कायद्यात धारदार हत्यारेही येतात. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात ठराविक मापापेक्षा मोठ्या पात्याचे हत्यार परवान्याशिवाय ठेवले, तर शस्त्र कायद्याचा गुन्हा होतो. याशिवाय सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तो मोडला की कलम १३५ लागते.

मग घरातली सुरी? कायद्यातील "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतून फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. स्वयंपाकाची सुरी, विळी, कोयता घरात असणे गुन्हा नाही. खाटीक बांधवांची हत्यारे धंद्याची आहेत, पण बकरी ईदच्या दिवसांत ती ने-आण करताना उघडी हातात धरून फिरू नये. गुंडाळून, पेटीत न्यावीत आणि सोबत धंद्याचा परवाना किंवा ओळखपत्र ठेवावे.

खरा धोका मोबाईलमध्ये आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, रील टाकायची, लाईक मोजायचे. पोलीस तो व्हिडिओ पाहूनच घरी येतात आणि मुलाच्या नावावर गुन्हा चढतो. पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत तो आडवा येतो. ऑनलाईन मागवलेली शोभेची तलवारही धार असेल तर शोभेची राहत नाही.

पोलिसांची बंदूक: तिलाही कायदा आहे

पोलिसांच्या कमरेचे पिस्तूल त्यांची खासगी मालमत्ता नसते. ते सरकारने, म्हणजे आपणच, एका कामासाठी दिलेले असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचे नियम आहेत.

जमाव बेकायदा असेल तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो (कलम १४८). लोक ऐकत नसतील तरच बळ वापरायचे. ते पांगवण्यासाठी असते, धडा शिकवण्यासाठी नाही.

अटकेच्या वेळी आरोपी पळत असेल तर? कलम ४३ सांगते की अटकेसाठी आवश्यक बळ वापरता येते, पण ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. म्हणजे मोबाईलचोर किंवा गोवंश वाहतुकीचा संशयित पळाला म्हणून त्याला ठार मारता येत नाही. पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो तुमच्या-आमच्याइतकाच आहे: बचावासाठी लागेल तेवढेच बळ, त्याहून अधिक नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये झारखंडच्या एका खटल्यात स्पष्ट केले की आरोपी गुन्हेगार आहे म्हणून त्याला मारणे हे पोलिसांचे काम नाही. त्याला पकडून कोर्टापुढे उभे करणे हे त्यांचे काम आहे.

नियम मोडले तेव्हा

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. या ९०० पैकी ३५६ जण पोलिसांच्या गोळीने मेले. भोसकल्याने ३४७ गेले, म्हणजे सुऱ्यांपेक्षाही जास्त बळी सरकारी बंदुकीने घेतले. खासगी गोळीबारात मेलेले २२ होते. आयोगाने पोलीस दलातील मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर बोट ठेवले आणि ३१ पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. सुलेमान उस्मान बेकरीतील गोळीबारासाठी पोलिसांनी दिलेली कारणे आयोगाला पटली नाहीत. तरी शिक्षा मात्र नगण्य. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्य सरकारला सांगावे लागले की त्या दंगलीत बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना शोधा आणि व्याजासह भरपाई द्या. तीस वर्षे गेली होती.

६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात दंगल झाली आणि पोलीस गोळीबारात ६ जणांचा जीव गेला. मेरठच्या हाशिमपुऱ्यातून २२ मे १९८७ रोजी पीएसीच्या जवानांनी चाळीसच्या आसपास मुस्लिमांना ट्रकमधून नेऊन गोळ्या घातल्या. तिथे दिल्ली हायकोर्टाने १६ जवानांना जन्मठेप दिली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी. इन्साफ उशिरा आला, पण वाचलेल्या मोजक्या लोकांनी साक्ष सोडली नाही, म्हणून आला.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांतील तीन मुस्लिम प्रवाशांना सरकारी बंदुकीने ठार केले. त्याला नोकरीतून काढले आणि खटला सुरू झाला. ज्याच्या हाती आपण बंदूक देतो, त्याच्या मनाची तपासणी कोण करतो, हा प्रश्न त्या दिवसाने देशापुढे ठेवला.

हा प्रश्न फक्त आपल्या समाजाचा आहे असेही नाही. हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये बलात्काराच्या चार आरोपींना चकमकीत मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट ठरवली आणि १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवा असे सांगितले. बदलापूर प्रकरणातील आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलीस गाडीत गोळीने मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ५ पोलिसांना जबाबदार धरले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. आरोप कितीही घाण असो, शिक्षा कोर्टानेच द्यायची. आज दुसऱ्याच्या चकमकीवर टाळ्या वाजवणाऱ्याला उद्या आपल्या मुलासाठी कायदा मागता येत नाही.

चकमक झाली तर काय व्हायलाच हवे?

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरच्या याचिकेतून सुप्रीम कोर्टाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी देशभरासाठी १६ नियम घालून दिले. त्यातले मुख्य असे:

१. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून तो विनाविलंब कोर्टाला कळवायचा.
२. तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा. ज्यांनी गोळी चालवली त्यांनी नाही.
३. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचे, त्याचे चित्रीकरण करून जपून ठेवायचे.
४. पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी करायची.
५. जवळच्या नातेवाईकाला लवकरात लवकर कळवायचे.
६. जखमीला उपचार द्यायचे आणि त्याचा जबाब दंडाधिकारी किंवा डॉक्टरने नोंदवायचा.
७. संबंधित पोलिसांनी हत्यारे तपासणीसाठी जमा करायची.
८. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत बढती किंवा शौर्यपदक नाही.

हे नियम पाळले नाहीत, तर कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते.

कुटुंबाने काय करावे?

अशा प्रसंगी घरचे कोसळलेले असतात, मय्यत ताब्यात घेऊन दफन उरकण्याची घाई असते. ती घाई समजण्यासारखी आहे. तरीही शेजारच्या किंवा जमातीच्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने पुढची कामे अंगावर घ्यावीत.

शवविच्छेदनाचे चित्रीकरण होणार आहे का, हे रुग्णालयात आणि पोलिसांकडे लेखी विचारा. अहवालाची आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मागा. दफनाआधी जखमांचे फोटो घ्या. कपडे धुऊ नका. तपास अधिकाऱ्याकडे पंचनाम्यात नोंद करून द्या. पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा, दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुसले जाण्याआधी ते जतन करण्याचा अर्ज द्या. दंडाधिकारी चौकशीची जाहिरात निघाली की हजर राहून जबाब द्या. बहुतेक प्रकरणे इथेच कमजोर पडतात, कारण घाबरून कुणी जातच नाही.

पोलिसांनी गुन्हा घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकारी कोर्ट. सोबत राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. त्यासाठी घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नका. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हाही एक दरवाजा आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

आणि एक विनंती. गोळीबार झाला की व्हॉट्सअॅपवर मेलेल्यांचे आकडे वाढत जातात, जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. त्याने कुणालाच इन्साफ मिळत नाही, उलट खऱ्या साक्षीवरचा विश्वास जातो. हाशिमपुरा असो की मुंबई, कोर्टात टिकले ते कागद, तारीख आणि डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा जबाब. बंदुकीच्या परवान्यासाठी रांग लावण्यापेक्षा मोहल्ल्यात दोन-चार मुलं वकील झाली आणि दहा लोक साक्षीला उभे राहायला तयार झाले, तर त्या हिफाजतीला कुणाच्या परवान्याची गरज लागत नाही.