पंचवीस डॉलरची चिप आणि इंजिनियरचा पगार

आज जाऊया १९७५ च्या अमेरिकेत. इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तेव्हा एका नगाची किंमत होती ३६० डॉलर. आणि १९७५ मध्ये तिथलं किमान वेतन होतं तासाला २.१० डॉलर. हिशेब करा. किमान पगारावरच्या माणसाला एका चिपसाठी साधारण १७१ तास राबावं लागणार. म्हणजे महिन्याची अख्खी कमाई!

मोटोरोलाची ६८०० चिपही अशीच महाग. तिथला इंजिनियर चक पेडल ती घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचा. चिप सगळ्यांना आवडायची, पण किंमत ऐकली की गाडी अडायची. स्वस्त चिप बनवूया म्हणून त्याने धरून लावलं, तर कंपनीने लेखीच कळवलं की हे काम थांबवा. मग १९७४ मध्ये तो काही सहकाऱ्यांसोबत एमओएस टेक्नॉलॉजी या लहान कंपनीत गेला.

तिथे त्यांनी काय केलं? काटछाट. ६८०० मध्ये दोन अॅक्युम्युलेटर होते, म्हणजे आकडेमोडीच्या दोन जागा. नव्या ६५०२ मध्ये एकच ठेवला. १६ बिटांच्या इंडेक्स रजिस्टरच्या जागी ८ बिटांचे दोन आले. चिप लहान झाली की एका वेफरवर जास्त बसतात, आणि खराब निघणाऱ्यांचं प्रमाणही घटतं.

आता गंमत बघा. डिझाइन करणाऱ्याचा पगार एकदाच द्यायचा असतो, सिलिकॉनचा खर्च मात्र प्रत्येक चिपमागे होतो. म्हणून डोकं खाजवून वाचवलेली जागा दर चिपमागे पैसे वाचवत राहते.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वेसकॉन प्रदर्शनाच्या वेळी ६५०२ विकायला आली, २५ डॉलरला. म्हणजे जेमतेम बारा तासांची मजुरी. एचपीत नोकरी करणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने याच चिपवर अॅपल-१ उभा केला.

मोटोरोलाने खटला भरला. १९७६ मध्ये एमओएसने २ लाख डॉलर देऊन तो मिटवला आणि जोडीची ६५०१ चिप मागे घेतली. ६५०२ मात्र टिकली.

आपल्या अप्रेजलच्या फॉर्मवर 'नवीन काय बनवलं' असा रकाना असतो. 'काय काढून टाकलं' असा नसतो. पेडलच्या टीमचं मोठं काम त्या न छापलेल्या रकान्यातलं होतं. पुढच्या वेळी पगाराची बोलणी कराल तेव्हा तेही सांगा. भेटू पुढच्या भागात!