माँटेरे पाइन
(लॅ. पायनस रेडिएटा, कुल–पायनेसी). कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन आणि मेक्सिकोच्या अखत्यारीतील ग्वादालूपे व सेद्रोस या बेटांवर दोन, असे ज्याचे अवघे पाच नैसर्गिक समूह आढळतात, तोच हा वृक्ष न्यूझीलंड, चिली व ऑस्ट्रेलिया येथील लक्षावधी हेक्टर लागवडीचा आधार होय. सरळ, जोमदार वृक्ष निवडून, त्यांची कलमे बीजोद्यानांत लावून व नियंत्रित परागण घडवून पैदास सुधारली जाते. तथापि अशा निवडीने आनुवंशिक पाया आकुंचित होत असल्याने १९७८ मध्ये पाचही समूहांचे बी गोळा करण्यात आले. ग्वादालूपेवर मोकाट शेळ्यांनी कोवळी रोपे खाऊन टाकल्यामुळे दीर्घकाळ नवी पिढी उभी राहिली नाही. शेळ्यांच्या निर्मूलनानंतर मात्र तेथे रोपे पुन्हा तगू लागली.