आला मोठा रजनी!

मागच्या सुट्टीत संगमनेरला घरी होतो. गॅसची टाकी आली, उचलली तर हलकी वाटली. मी म्हटलं, "दादा, वजन करून दाखवा." दादा म्हणाले, काटा आणलेला नाही. मी अडून बसलो. तेवढ्यात आतून आजी ओरडली, "आला मोठा रजनी!"

मला वाटलं रजनीकांत. खूशच झालो. पण आजीची रजनी वेगळीच निघाली.

साल 1985. चॅनल एकच, दूरदर्शन. तेही गल्लीत एखाद्याच घरी, बाकी सगळे त्याच्या ओट्यावर. बासू चटर्जींची 'रजनी' नावाची हिंदी मालिका लागायची. नायिका साधी गृहिणी. सासूचा छळ नाही, रडारड नाही. कुणी ग्राहकाला फसवलं की ती थेट जाऊन जाब विचारायची, बस्स. टॅक्सीवाल्यांच्या एपिसोडवरून तर मुंबईत खऱ्या टॅक्सीवाल्यांनी मोर्चा काढला होता! आज आपण ट्रोलिंग म्हणतो ना, ते तेव्हा पायी चालत यायचं.

ही रजनी म्हणजे प्रिया तेंडुलकर. जन्म 19 ऑक्टोबर 1954, नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. इथे आपल्या नगरचा एक धागा आहे. 1983 च्या 'अर्धसत्य'ची पटकथा तेंडुलकरांची आणि त्यातला रामा शेट्टी म्हणजे आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर. वडिलांच्या लिखाणातून आपल्याला असा खलनायक मिळाला आणि दोनच वर्षांनी मुलगी टीव्हीवर सगळ्यांना जाब विचारायला लागली.

त्याआधी प्रियाने काय काय केलं होतं! 'अंकुर'मध्ये अनंत नागच्या बायकोची भूमिका, मराठीत 'गोंधळात गोंधळ', शिवाय हवाई सुंदरी, मॉडेलिंग, बातम्या वाचणं. पंचतारांकित हॉटेलात ती रिसेप्शनिस्टही होती. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी हसत राहणं हे जिचं काम होतं, तीच देशातली सगळ्यात प्रसिद्ध चिडलेली गिऱ्हाईक झाली. मी सपोर्टची तिकिटं सोडवतो. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहिलेल्या माणसालाच कळतं, समोरचा कुठे टोलवाटोलवी करतोय ते.

24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा आला. तो 'रजनी'मुळे आला म्हणणं फेकाफेक होईल. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 लाच ग्राहक पंचायत सुरू केली होती, ती मेहनत जुनी. पण बिल मागताना लाजायचं नसतं, हे ओट्यावर बसलेल्या आजीला रजनीने शिकवलं.

पुढे प्रियाने टॉक शो केला, मराठीत कथा लिहिल्या. 'पंचतारांकित' हे तिचं पुस्तक मिळालं तर वाचाच. पण लोकांसाठी ती शेवटपर्यंत रजनीच. एवढं लिहिणाऱ्या बाईवर हा थोडा अन्यायच झाला, असं मला वाटतं.

त्या रात्री आजीला मोबाईलवर तिचा फोटो दाखवला. "आता कुठं असते रं ती?"

19 सप्टेंबर 2002 लाच गेली, म्हटलं. कॅन्सर झाला होता, शेवटी हार्ट अटॅक. वय 47.

आजीला माहीतच नव्हतं. बराच वेळ फोटो बघत बसली. मग मोबाईल परत देत म्हणाली, "उद्या काटा आणतो म्हणला का तो?"