झिजलेला पडदा : वाद्यदुरुस्तीचा एक अलिखित इतिहास

संगीताचा इतिहास आपण गायकांच्या, वादकांच्या आणि घराण्यांच्या नावांनी लिहीत आलो आहोत. फार तर वाद्यांच्या जन्मकथा त्याला जोडल्या जातात. वाद्य वापराने झिजते आणि झिजलेला भाग कोणीतरी पुन्हा कामाचा करतो, ही बाब मात्र त्या इतिहासात क्वचितच येते. ज्या हाताने दुरुस्ती केली त्याचे नाव वाद्यावर नसते आणि कार्यक्रमपत्रिकेवरही नसते. आमच्या मते ही केवळ तपशिलातील उणीव नाही. दुरुस्ती वगळल्यामुळे वाद्य एखाद्या समाजाचे नेमके कधी होते, हा प्रश्नच आपण विचारायचे विसरलो आहोत. वऱ्हाडातील घरी दुरुस्त होणारी इलेक्ट्रिक गिटार समोर ठेवून या प्रश्नाकडे पाहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारीच्या गळ्यावर धातूचे साधारणतः 21 ते 24 पडदे असतात. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असल्याने सरकवता येतात. गिटारीचे पडदे लाकडातील खाचांत ठोकून बसवलेले असतात. बहुधा ते जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाचे. नावात असली तरी त्यात चांदी नसते. तार पोलादी, म्हणजे पडद्याहून कठीण. साहजिकच दर वेळी बोट दाबताना पडदा किंचित झिजतो आणि काही वर्षांत तारेखाली खड्डा पडतो. नव्या पडद्याची उंची जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. तेव्हा खड्ड्यात बसलेली तार पुढच्या पडद्याला घासून खरखरू लागते.

हा खड्डा वाचता येतो. पहिल्या तीन पडद्यांवरच झीज असेल, तर त्या गिटारीने आयुष्यभर गाण्यांना साथ केली असे समजावे. बाराव्या पडद्यापलीकडे झीज असेल, तर वादकाला स्वतंत्र वादनाची ओढ होती. वाद्यावरचे हे लेखन कोणी हेतुपूर्वक केलेले नसते, म्हणूनच ते विश्वसनीय असते.

गिटारीत जी खरखर दोष मानली जाते, तिचीच संयत आवृत्ती तंबोऱ्यात गुण ठरते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. त्यावरून तार अलगद घासत जाते आणि स्वरांचे गुंजन उमटते. हीच जवारी. तारांनी घोडीवर चरे पाडले की गुंजन मावळते, आणि मग कानसीने माथा पुन्हा घासून जवारी काढावी लागते. अर्थात झिजलेला भाग घासून बोलता करणे ही आपल्याकडे नवी विद्या नाही.

या विद्येचे महाराष्ट्रातील माहेर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, हत्यारांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्या परंपरेतील आद्य नाव सांगितले जाते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (निधन 1937) गायनाइतकेच वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते, याची आठवण आपण कमी वेळा काढतो.

आता याच्या शेजारी दुसरी कथा ठेवावी. लिओ फेंडर हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, फुलर्टन गावी 1938 पासून रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवत. ते गिटारवादक नव्हते. 1950-51 मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या, पुढे टेलिकास्टर नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारीचा गळा सरसाने चिकटवलेला नव्हता. तो चार स्क्रूंनी जोडलेला होता. गळा झिजला तर काढून बदलता यावा, ही सोय त्यात होती. एके ठिकाणी शिकलगार, दुसऱ्या ठिकाणी रेडिओ दुरुस्त करणारा: दोन्हीकडे वाद्यनिर्मितीचा उगम दुरुस्तीच्या बाकावर सापडतो. दुरुस्ती ही निर्मितीची दुय्यम बहीण, हा समज येथे डळमळतो.

वऱ्हाडात अशी पेठ उभी राहिली नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून 1867 साली नागपूरला पोहोचला तो कापसासाठी; पुढे तोच मार्ग कलकत्त्याशी जोडला गेला. एका टोकाला चित्रपटसंगीताची मुंबई, दुसऱ्या टोकाला गिटारी घडवणारे कलकत्ता, आणि मध्ये आमचा कापसाचा मुलूख. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध 2001 पर्यंत पूर्णपणे उठलेले नव्हते. परदेशी सुटे भाग ही दुर्मीळ चीज होती. पण जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांमुळे कानस, पॉलिश पेपर आणि ती चालवणारा फिटरचा हात या गावांना परका नव्हता. तुकडोजी महाराजांच्या भजनपरंपरेने खंजिरी घरोघरी नेली, आणि ढिले पडलेले कातडे शेकून ताणून घेणे हे घरच्या घरी जमणारे काम होते. वाद्य आपणच सांभाळायचे असते, हा संस्कार गिटारीच्या आधीचा आहे.

येथील हवाही या विद्येची परीक्षा घेते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेत गळ्याचे लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके कडेला बाहेर येऊन बोटांना टोचतात. पावसाळ्यात, किंवा कूलरच्या ओल्या वाऱ्यात, तेच लाकूड फुगते आणि गळ्याचा बाक बदलतो. म्हणून खरखर ऐकताच कानस उचलणारा मनुष्य अडाणी ठरतो. आधी गळा सरळ आहे का ते पाहावे, आतील लोखंडी सळईचा ताण जुळवावा, आणि तरीही दोष उरला तरच तो झिजेचा मानावा.

त्यानंतरचे काम धीराचे आहे. तारा उतरवून पडद्यांमधले लाकूड चिकटपट्टीने झाकतात. लोहचुंबक असलेले पिकअपही झाकतात, नाहीतर धातूचा कीस त्यांवर जाऊन बसतो. पडद्यांचे माथे शाईने रंगवून, सपाट पट्टीला लावलेला पॉलिश पेपर त्यांवरून लांबवर फिरवतात. जेथे शाई उरते तेथे खड्डा. सर्वांत खोल खड्ड्यातील शाई जाईपर्यंत बाकीचे माथे खाली आणायचे. मग सपाट झालेल्या माथ्यांना कानसीने पुन्हा गोलाई द्यायची आणि अधिकाधिक बारीक कागदाने झिलई. गळ्याच्या टोकाशी असलेल्या पट्टीची, म्हणजे नटची, खाच खोल गेली असेल तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा आणि झटपट चिकटणारा द्रव डिंक यांनी ती भरून नव्याने कोरतात. सारे जमले तरी पडद्यांची उंची कमी होतेच. त्यामुळे हे काम मोजक्याच वेळा करता येते.

साहित्याच्या अभ्यासकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून पाठभेद उद्भवले. पाठचिकित्सकालाही आधी हेच ठरवावे लागते, की समोरचे विचित्र रूप लेखनिकाची चूक आहे की जुन्या भाषेचा बाक. घाईने केलेली दुरुस्ती दोषाबरोबर पुरावाही घासून टाकते. गिटारीच्या पडद्यावरचा खड्डा पुसताना वादकाच्या सवयींची नोंदही पुसली जाते. संग्रहालय ती नोंद जपेल, पण मग वाद्य वाजणार नाही. घर वाद्य वाजते ठेवेल, पण नोंद गमावेल. या दोहोंत निवड करावी लागते, आणि ती करणाऱ्याला आपण काय गमावतो आहोत हे कळले पाहिजे.

आज स्वस्त गिटार घरपोच येते आणि दुरुस्तीपेक्षा नवी घेणे सोपे वाटते. अशा वेळी जाते ते केवळ एक कसब नव्हे. वाद्य ऐकून त्याचे दुखणे ओळखण्याची साक्षरता जाते. विकत घेतल्याने वाद्य आपल्या घरात येते. ते आपले होते, ते त्याचा झिजलेला पडदा आपल्याला वाचता येऊ लागतो तेव्हा. ज्यांना तो वाचता येत होता, त्या अनाम हातांना संगीताच्या इतिहासात निदान एक प्रकरण मिळायला हवे.