रूढीचा पहारा

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. अडविणारा नियम उरला नाही. रूढी मात्र उरली. गावगाड्यात ज्याची भाकरी वरच्यांच्या हाती, तो तळ्याकडे वळणार कसा? शिवाय डॉ. आंबेडकरांनी दाखविलेल्या श्रेणीबद्ध विषमतेत बहुतेकांना आपल्याहून खालचा कोणी लाभतो. म्हणून वरून येणारा अपमानही सुसह्य होतो. २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्राशन होताच परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने ठराव फिरविला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ मध्ये आला. तोवरच्या मौनाला संमती म्हणणे म्हणजे धाकालाच परंपरेचे नाव देणे होय.