शहाबादी फरशीवरचा रंग

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८७१ मध्ये सोलापूर, कलबुर्गीवरून रायचूरला पोचला आणि मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. वाटेवर शहाबाद होते. भीमेच्या खोऱ्यातला तिथला चुनखडक मुळातच थराथरांचा. छिन्नी लावली की सपाट लाद्या सुटतात. रेल्वेने त्या दूरवर जाऊ लागल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी मराठी स्वयंपाकघरात ही फरशी आली आणि पुढे ओट्यावरही चढली.

दगड टिकाऊ, पण आम्लापुढे हळवा. लिंबू, चिंच, कोकम सांडले की पांढरट चट्टा उठतो. तेल आत मुरते.

डाग झाकायला काही घरांत फरशीवर ऑइलपेंटचा हात फिरला. चार दिवस लाल-हिरवी चकाकी छान दिसते. मग दगडातला ओलावा वर येतो, रंगाच्या घट्ट थराखाली अडकतो आणि पोपडे सुटतात. तेलकटपणा नीट काढला नसेल, तर रंग मुळात धरतच नाही.

जुनी शहाबादी घरात असेल, तर ती रंगवू नका. घासून पॉलिश करून घ्या. दगडाचा मूळ निळसर करडा रंगच तिथे शोभतो.