"डॉक्टर, यापेक्षा स्वस्तात काही होईल का?" : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

पोस्ट जरा मोठी आहे, पण दात सगळ्यांनाच आहेत, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

दाताच्या दवाखान्यात आपल्याकडची माणसं एक प्रश्न फार लाजत विचारतात : "यापेक्षा कमी खर्चात काही होईल का?" निम्मे तर विचारतच नाहीत. "घरी विचारून सांगतो" म्हणून उठतात आणि परत फिरकत नाहीत. रूट कॅनलने वाचली असती ती दाढ मग सहा महिन्यांनी काढावी लागते. नुकसान पेशंटचं होतं, तसं डॉक्टरचंही होतं.

हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास.

१८३३ साली युरोपातून आलेल्या क्रॉकोर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. तेव्हा दात भरायचा म्हणजे सोन्याचा वर्ख ठोकून भरायचा. वेळ फार, खर्च त्याहून जास्त. या भावांनी चांदी आणि पाऱ्याचं मिश्रण भरायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं मोठं भपकेबाज, 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. लोकांची झुंबड उडाली. पण कीड नीट न काढताच ते मसाला भरत. बोभाटा झाला आणि दोघांनी गाशा गुंडाळला.

खरी गंमत पुढे आहे. १८४० मध्ये अमेरिकन दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने काम वाईट करणाऱ्यांना दोष देण्याऐवजी स्वस्त मसाल्यालाच दोषी ठरवलं. १८४५ मध्ये सभासदांकडून लेखी हमी मागितली की आम्ही हे मिश्रण वापरणार नाही. पाऱ्याची भीती काहींना खरोखर होती, पण सोन्यावर चालणारा धंदाही होताच. सोनं न परवडणाऱ्या पेशंटने काय करायचं, याचं उत्तर संघटनेकडे नव्हतं. सभासद फुटले आणि १८५६ मध्ये संघटनाच संपली. तोच चांदीचा मसाला सुधारून पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरच्या सामान्य माणसाच्या दाढांत बसला.

दुसरी गोष्ट कवळीची. आधी कवळीचा साचा सोन्याचा किंवा हस्तिदंताचा असायचा. गुडइयरच्या शोधातून कडक रबर आलं आणि कवळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८४६ पासून ईथरची भूल मिळू लागल्यामुळे दात काढणंही सोपं झालं होतं. पण १८६४ मध्ये रबरी कवळीचं पेटंट निघालं. ते एका कंपनीच्या हाती गेलं आणि ती दंतवैद्यांकडून परवाना फी वसूल करू लागली. न देणाऱ्यांवर खटले. या खटल्यांमागचा माणूस होता कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात खटल्यांनी जेरीस आलेल्या एका दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार मारलं. स्वस्त पर्यायावर कुणाचा ताबा, यावरून माणसाचा जीव गेला.

आता आपल्याकडे या. १९२० मध्ये डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. पण बहुसंख्य लोकांचे दात तेव्हा बाजारातला दात काढणारा आणि घरगुती उपाय यांच्याच भरवशावर होते. पर्याय एकच : दुखला की काढा. १९४८ मध्ये डेंटिस्ट्स ॲक्ट आला. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट असलेल्या लोकांना 'ब' नोंदवहीत जागा मिळाली. कायद्याचा भर दंतवैद्य कोण आणि त्याचं शिक्षण काय, यावर होता. पेशंटला काय सांगायचं, हा विषय मागेच राहिला.

तो पुढे आणला न्यायालयाने. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं सांगितलं. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमती कशाला म्हणायचं हे स्पष्ट केलं : उपचार काय, त्याला पर्याय आहेत का, धोके काय, आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमती. तो खटला दातांचा नव्हता, पण तत्त्व तेच. २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचनांसाठी प्रसिद्ध केलेल्या रुग्ण हक्क सनदेच्या मसुद्यात दरांची पारदर्शकताही आहे.

माझं म्हणणं एवढंच : खर्च सांगितल्याशिवाय पर्याय सांगितला असं होत नाही.

माझ्या मावशीला एका दवाखान्यात थेट इम्प्लांटचा आकडा सांगितला. ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात हा शब्दही नाही. ती घाबरून उठली आणि वर्षभर एकाच बाजूने जेवत राहिली. डॉक्टरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. समोरच्या साडीकडे बघून "हिला परवडणार नाही" असं ठरवणं जेवढं चूक, तेवढंच महागाचा एकच पर्याय पुढे ठेवणंही चूक.

आमच्या भागातल्या डेंटिस्ट मंडळींना म्हणून विनंती. दोन-तीन पर्याय मराठीत कागदावर लिहून द्या. प्रत्येकापुढे एकूण खर्च, तोही कॅप आणि एक्स-रेसकट. रूट कॅनलचा एक आकडा आणि कॅपचा नंतर वेगळा, असं झालं की माणूस फसवल्यासारखा होतो. साधारण किती वर्षं टिकेल, ते लिहा. आज काय केलंच पाहिजे आणि काय दिवाळीनंतर चालेल, ते लिहा. काहीच केलं नाही तर काय होईल, तेही. आणि तुमच्याकडे अजिबात परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांचं नाव सांगा. तिथे वेळ लागतो, खेपा होतात, पण दाढ वाचू शकते. असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट पुढच्या वेळी चार माणसं घेऊन येतो.

आणि आपण पेशंट लोकांनी? मोबाइल घेताना दहा दुकानं फिरतो, मग दवाखान्यात मान खाली कशाला? सरळ विचारा : "डॉक्टर, अजून काय पर्याय आहेत, आणि थांबलो तर काय होईल?"